सहलीच्या कागदावर तुमची सही कुठे आहे?

प्रति,
वडोदरा शहरातल्या सार्वजनिक प्राथमिक शाळांचा कारभार पाहणारे सर्व अधिकारी, अभियंते आणि लोकप्रतिनिधी यांस

विषय: शाळेत मुलांच्या सुरक्षेला जबाबदार कोण, हे आधीच ठरवण्याबाबत

सविनय नमस्कार.

माझी मुलगी शहरातल्या एका सार्वजनिक शाळेत चौथीत शिकते. परवा तिच्या दप्तरातून सहलीचं संमतिपत्रक घरी आलं. अर्ध्या पानाचा झेरॉक्स. वर तारीख, ठिकाण आणि पैसे. खाली एक ओळ: सहलीत काही अघटित घडल्यास त्याला शाळा जबाबदार राहणार नाही. त्याखाली पालकाच्या सहीची जागा. बस कुणाची, ड्रायव्हर कोण, किती मुलांमागे किती शिक्षक, मुलांना पाण्याजवळ नेणार का, कुणाला लागलं तर पालकांनी फोन कुणाला करायचा, यातलं काहीही त्यावर नाही. शाळेच्या किंवा कार्यालयाच्या कुणाचीही सही नाही. सही फक्त आमची हवी आहे.

हा कागद दुसऱ्या कुठल्या शहरात आला असता तर मी कदाचित मुख्याध्यापकांशी बोलून विषय संपवला असता. पण आपण वडोदऱ्यात राहतो. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणीच्या मोटनाथ तळ्यात बोट उलटली आणि सहलीला आलेली १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसवली होती आणि लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर नव्हती. ती शाळा खासगी होती, हे मला माहीत आहे. पण तळं सार्वजनिक होतं, बोटींचा ठेका सार्वजनिक संस्थेने दिलेला होता, आणि ठेक्यातल्या अटी पाळल्या जातात की नाही हे पाहायचं काम पगारी माणसांचं होतं. नंतर अटका झाल्या, खटला उभा राहिला, हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. हे सगळं नंतरचं. बोट काठावर उभी होती तेव्हा 'इतकी मुलं यात बसणार नाहीत' असं म्हणण्याची जबाबदारी कुणाची होती, हे तेव्हा काठावरच्या कुणालाही ठाऊक नव्हतं. त्याच शहरात आज शाळा आम्हाला लिहून मागते की काही झालं तर आम्ही विचारायला येणार नाही.

मी सही केलेली नाही. का केली नाही, ते सविस्तर लिहिते आहे. या पत्राची गुजराती प्रत कार्यालयात देऊन पोच घेतली आहे. इथे मराठीतून लिहिते, कारण दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, नवापुरा इथली मराठी घरं या शहराच्या शाळांबद्दल अभिमानाने बोलतात, पण आज त्या शाळांत कोण बसतं आणि कसं बसतं, हे त्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नाही.

आधी वर्गाबद्दल. माझ्या मुलीच्या वर्गात पंख्याच्या हुकाभोवतीचा गिलावा फुगला होता. पावसाळ्यात एक मोठा पोपडा सुटला आणि खालच्या बाकावर पडला. मधली सुट्टी होती, मुलं ओट्यावर जेवायला बसली होती, म्हणून कुणाला लागलं नाही. आता तिथे गंजलेली सळई उघडी दिसते. बाईंनी सगळे बाक वर्गाच्या एका बाजूला ओढून घेतले. दोघींच्या बाकावर तिघी बसतात. आणि बाईंनी फरशीवर खडूने एक रेघ मारली: हिच्या पलीकडे कुणी जायचं नाही. रोज सकाळी झाडताना ती रेघ पुसली जाते आणि रोज प्रार्थनेनंतर बाई ती पुन्हा मारतात. माझ्या मुलीच्या डोक्यावर छत पडू नये म्हणून सरकारी यंत्रणेने केलेली व्यवस्था सध्या एवढीच आहे, आणि तीही एका शिक्षिकेने स्वतःच्या मनाने केलेली.

मी विचारत गेले. मुख्याध्यापक म्हणाले, वर लिहिलं आहे. अभियंत्यांकडे कळलं, अंदाजपत्रक मंजुरीसाठी पुढे गेलं आहे. मंजुरी जिथे मिळते तिथे सांगितलं, शाळेकडून नवीन नमुन्यात मागणी यायला हवी. सगळे माझ्याशी नीट बोलले, कुणी उर्मटपणा केला नाही, हे मी मुद्दाम नोंदवते. पण मी प्रत्येकाला एकच गोष्ट विचारत होते: आज या खोलीत मुलांना बसवणं सुरक्षित आहे का? तसं लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं. आणि खोली बंद करा, असं लिहून द्यायलाही कुणी तयार नव्हतं.

२५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी सरकारी शाळेचं छत कोसळलं. ७ मुलं गेली. छतातून खडे पडताहेत, असं मुलांनी आधी सांगितलं होतं, अशा बातम्या तेव्हा आल्या. त्यानंतर काय झालं? मुख्याध्यापकांसह शिक्षक निलंबित झाले. त्यांची चूक नसेल, असं मी म्हणत नाही. पण छत दुरुस्त करायचा अधिकार आणि पैसा शिक्षकाकडे कधीच नसतो. आमच्या शाळेत उद्या तसं काही घडलं तर पहिली नोटीस खडूने रेघ मारणाऱ्या त्या बाईंच्याच हातात पडेल, हे मला दिसतं आहे. त्या बाई स्वतःच्या पैशाने फिनेल आणतात. अशा माणसाला पुढे करून वरच्यांनी मोकळं व्हायचं, ही पद्धत मला मान्य नाही.

दुसरी गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण लिहिलीच पाहिजे. मुलींच्या संडासाच्या दाराला आतून कडी नाही. एक मुलगी आत जाते तेव्हा दुसरी बाहेर दाराला पाठ लावून उभी राहते. पहिली ते चौथीच्या सगळ्या मुलींना हे आता इतकं सवयीचं झालं आहे की जोडीदार मिळाली नाही तर त्या जातच नाहीत. संडास मैदानाच्या टोकाला, मागच्या फाटकाजवळ आहे. ते फाटक दिवसभर उघडं असतं, कारण तिथून जेवणाचा टेम्पो येतो, भंगारवाला येतो, शेजारच्या बांधकामावरची माणसं नळाला पाणी भरायला येतात. यातला कोणी वाईट आहे, असं मी म्हणत नाही. पण कोण आलं आणि कोण गेलं हे पाहायला तिथे माणूस नाही. माझ्या मुलीची पाण्याची बाटली संध्याकाळी जवळजवळ भरलेलीच परत येते. विचारलं तर म्हणते, पाणी प्यायलं की जावं लागतं. तिच्या वर्गातल्या दोघींना लघवीच्या जळजळीचा त्रास झाला. त्यांच्या आया मला रेशनच्या रांगेत भेटल्या, तेव्हा कळलं की त्यांच्या मुलींच्या बाटल्याही भरलेल्याच परत येतात.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. शाळेला बारमाही टिकणारी इमारत, मुला-मुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी आणि कुंपण हवं, हे त्या कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलेलं आहे. कागदावर आमच्या शाळेत मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह 'आहे'. तपासणीला येणाऱ्यांच्या तक्त्यात कडीचा रकाना नसेल. पण ते दार आतून बंद होतं का, एवढं बघायला तक्ता कशाला लागतो?

तिसरी गोष्ट तक्रारीची. मी मुलीला विचारलं, शाळेत कुणी मारलं, कुणी नको तसा हात लावला, तर कुणाला सांगशील? तिने तिच्या मैत्रिणीचं नाव घेतलं. शाळेतल्या एकाही मोठ्या माणसाचं नाव तिला सुचलं नाही. व्हरांड्यात तक्रारपेटी आहे. तिची किल्ली कुणाकडे आहे, ते मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही. लहान मुलाला, आणि त्यातून ज्याला अजून धड लिहिता येत नाही त्याला, पेटीचा काय उपयोग, हा प्रश्न वेगळाच. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर कुठल्याही भिंतीवर नाही. पोक्सो कायदा २०१२ पासून आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही जो पोलिसांना कळवत नाही त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल दडवलं तर एक वर्षापर्यंत. २०२० च्या नियमांनुसार मुलांच्या रोजच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, तो कायम असो की कंत्राटी, ठरावीक काळाने पोलीस पडताळणी झाली पाहिजे. आमच्या शाळेत ज्ञान सहायक म्हणजे कंत्राटी शिक्षक येतात, बदली शिक्षक येतात, एजन्सीचे सफाई कामगार येतात, दर काही महिन्यांनी चेहरे बदलतात. त्यांची पडताळणी झाली आहे का, हे मी लेखी विचारलं. उत्तर आलं की ती एजन्सीची बाब आहे. मुलं एजन्सीची आहेत का?

मारण्याबद्दलही इथेच सांगते. याच शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. तरी पट्टी चालते. आणि आम्ही पालकही 'दोन फटके दिले तर बिघडलं कुठे' म्हणत राहतो. मूल एकदा शिकलं की मोठ्यांनी हात उगारला तर गप्प बसायचं, की ते दुसऱ्या प्रसंगीही गप्पच बसतं. म्हणून मला हे दोन विषय वेगळे वाटत नाहीत.

विश्वामित्री नदीबद्दल वडोदरेकरांना सांगायला नको. धोक्याची पातळी २६ फूट, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. वस्त्यांमध्ये मगरी आल्या. आमच्या शाळेच्या तळमजल्यावर पाणी शिरलं होतं. ओसरल्यावर चिखल काढला, चुना मारला, शाळा भरली. मीटरचा बोर्ड मात्र होता तिथेच, खालच्या भिंतीवर, ओलीच्या डागांसकट. वायरिंग तपासून कुणी दाखला दिला का, हे विचारलं तर शाळेत तसा कागद नाही. अग्निशामक नळकांडी ऑफिसच्या कपाटामागे आहेत. सुरतेच्या तक्षशिला इमारतीच्या आगीत २४ मे २०१९ ला २२ विद्यार्थी गेले, त्याला अजून फार वर्षं झालेली नाहीत.

शाळेच्या सुट्टीच्या वेळी फाटकासमोर मुलांची ने-आण करणाऱ्या रिक्षा आणि व्हॅन एकमेकींना चिकटून उभ्या राहतात. त्याबद्दल पोलिसांना वेगळं लिहिलं आहे, इथे वाढवत नाही.

आता, ही जबाबदारी तुमचीच का, याबद्दल.

हे बडोदं आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला दंड होत असे. आपल्या घराघरांत ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, आणि सांगावी अशीच आहे. पण तिच्यात एक करार आहे. राज्य पालकाला सांगतं की मूल माझ्या हवाली कर, नाही केलंस तर तू गुन्हेगार. मग त्या मुलाच्या जिवाची हमी राज्याचीच असते. आज संविधानाच्या २१-क कलमाने ६ ते १४ वयाच्या मुलांचं शिक्षण हा मूलभूत हक्क आहे आणि मुलाला शाळेत घालणं हे कायद्याने माझं कर्तव्य आहे. मी माझं कर्तव्य करते. दर जूनमध्ये प्रवेशोत्सवात तुम्ही मुलांना फुलं देऊन आत घेता. आत घेतल्यावर मात्र 'शाळा जबाबदार राहणार नाही' असं लिहून मागता. असं लिहून घेण्याचा अधिकार तुम्हाला नाही, आणि लिहून देण्याचा मलाही नाही. जीव माझ्या मुलीचा आहे.

हे फक्त माझं म्हणणं नाही. कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या आगीत ९४ मुलं गेली, त्यानंतरच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये सांगितलं की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये शाळेतल्या मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी निश्चित करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती सरकारी, अनुदानित आणि खासगी अशा सगळ्या शाळांना धरून आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना ती अमलात आणायला सांगितलं. म्हणजे मी नवीन काही मागत नाही. जे ठरलेलं आहे ते माझ्या मुलीच्या वर्गापर्यंत पोचवा, एवढंच मागते.

निधी नाही, हे उत्तर मला माहीत आहे आणि छताच्या बाबतीत ते मी काही काळ ऐकूनही घेईन. पण दाराला कडी लावायला, फाटकावर माणूस ठेवायला, भिंतीवर १०९८ रंगवायला आणि अग्निशामक नळकांडं कपाटामागून काढून भिंतीला टांगायला कुठल्या मंजुरीची वाट पाहता आहात?

माझ्या मागण्या अशा आहेत.

जबाबदारी नाकारणारं हे संमतिपत्रक सगळ्या शाळांतून मागे घ्यावं. त्याऐवजी असा कागद यावा ज्यावर आधी शाळा आणि कार्यालय सही करील: बस, ड्रायव्हर, सोबतचे शिक्षक, ठिकाण, पाण्याच्या किंवा राइडच्या ठिकाणी नेणार की नाही, प्रथमोपचार कुणाकडे, संपर्काचा फोन. ते वाचून मी माझी सही करीन. तोवर सहल नको.

प्रत्येक शाळेच्या दर्शनी भागात एक फलक लावा. इमारत, वीज, आग, स्वच्छतागृह, फाटक आणि मुलांच्या तक्रारी, या प्रत्येकापुढे एका माणसाचं नाव, हुद्दा आणि कार्यालयाचा फोन. विभागाचं नाव नको. विभागाला फोन केला की दुसऱ्या विभागाचा नंबर मिळतो.

प्रत्येक खोलीची अभियंत्याने पावसाळ्याआधी तपासणी करावी आणि 'वापरण्यास योग्य' किंवा 'बंद' असं सही-शिक्क्यानिशी लिहून तो कागद त्या खोलीच्या दारावर लावावा. तिसरा पर्याय ठेवू नये. माझ्या मुलीच्या वर्गाबद्दल हे आताच व्हावं, पुढच्या पावसाळ्याची वाट पाहू नये. खोली बंद करावी लागली तर वर्ग दोन पाळ्यांत भरवा, आम्ही पालक घरची वेळ जुळवून घेऊ.

मुलींच्या स्वच्छतागृहांना आतून कड्या आणि मागच्या फाटकावर शाळेच्या वेळात रखवालदार, हे काम येत्या पंधरवड्यात करावं.

कंत्राटी माणसांसह सगळ्यांची पोलीस पडताळणी पूर्ण करून तिची तारीख शाळेत उपलब्ध ठेवावी. प्रत्येक शाळेत मुलांना माहीत असलेली एक शिक्षिका आणि शाळेबाहेरची एक व्यक्ती तक्रार ऐकण्यासाठी नेमावी. तक्रार करणाऱ्या शिक्षकावर कारवाई होणार नाही, असं लेखी परिपत्रक काढावं. मोडकं छत कळवणारा शिक्षक आज बदलीला भितो. ती भीती आधी काढून टाका, मुलांपेक्षा जास्त माहिती तुम्हाला शिक्षकांकडूनच मिळेल.

आणि शाळा व्यवस्थापन समिती खरी करा. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असायला हवेत आणि निम्म्या स्त्रिया. आमच्याकडे समिती आहे, पण नोंदवही घरी पाठवून सह्या घेतल्या जातात. बैठक खरोखर भरवा, संध्याकाळी भरवा, कारण दिवसा हे पालक कामावर असतात.

ते कोण आहेत, हेही सांगते. खानदेशातून इथे कामाला आलेली कुटुंबं, घरकाम करणाऱ्या बायका, सोसायट्यांचे वॉचमन, रिक्षावाले, आणि मोजकी जुनी बडोदेकर घरं. त्यातल्या बहुतेकांना तक्रार केली तर मुलाचं नाव काढतील की काय, अशी धास्ती वाटते. आम्ही काही आया आता एकत्र बसतो. ज्यांची मुलं खासगी शाळेत आहेत अशा मराठी बंधू-भगिनींनी, त्यातही इंजिनिअर, वकील आणि डॉक्टर असलेल्यांनी, आपल्या घराजवळच्या सार्वजनिक शाळेच्या समितीच्या बैठकीला एकदा यावं, ही या पत्रातून वेगळी विनंती. छताची सळई बघून तिच्याबद्दल दोन ओळी लिहून देणारा एखादा निवृत्त अभियंता आम्हाला हवा आहे.

अधिकारी महोदयांनी या पत्राचं उत्तर मला एकटीला बोलावून देऊ नये. शाळेच्या मैदानावर पालकसभा बोलवावी, स्वतः यावं, आधी त्या वर्गात जाऊन यावं आणि मग सगळ्यांसमोर बोलावं. गुजरातीत बोललात तरी आम्हाला सगळं समजतं.

आपली नम्र,
चौथीतल्या एका विद्यार्थिनीची आई
वडोदरा